दोन तुकडे, दोन बाटल्या

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ४४ वर्षांच्या असून तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळेत शिकवतात. गेले सात महिने त्यांचे तोंड आलेले आहे. गालांच्या आतल्या बाजूस आणि टाळ्यावर साल निघाल्यासारख्या जखमा होतात आणि त्या भरत नाहीत. आधी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या झाल्या, मग बुरशीवरचे औषध झाले, मग दातांचा दोष असेल म्हणून दंतवैद्य झाले. दंतवैद्यांनी कर्करोगाची शंका फिटावी यासाठी जखमेचा तुकडा तपासायला पाठवला. अहवालात ‘अविशिष्ट व्रण, कर्करोगाची लक्षणे नाहीत’ असे आले. दोन महिन्यांपूर्वी पाठीवर आणि डोक्यात पाण्याचे फोड उठू लागले. गावातल्या डॉक्टरांनी पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, फोड वाळले, आणि गोळ्या संपल्यावर आठवड्याभरात पुन्हा आले. असे दोनदा घडले. आता शहरातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी ‘पेम्फिगस (अंगावर फोड येणारा एक आजार) असावा’ असे सांगून दोन ठिकाणची बायॉप्सी, म्हणजे तपासणीसाठी तुकडा काढणे, आणि रक्ताची एक तपासणी सुचवली आहे. त्या विचारतात: “एकदा तुकडा काढून झाला, त्यात काही निघाले नाही. गोळीने बरे वाटते हेही कळले आहे. मग पुन्हा दोन ठिकाणी कापून घेण्याची गरज काय? सासूबाई म्हणतात, अंगात उष्णता आहे. मिस्टर म्हणतात, आणखी एका डॉक्टरांना दाखवू. मुलीचे लग्न ठरते आहे. हे तिला किंवा घरात कुणाला होणार तर नाही ना?”

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

पत्रावरून निदान करणे मला शक्य नाही आणि तसे करणे योग्यही होणार नाही. पण तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेल्या तपासण्या का सुचवल्या असाव्यात आणि त्या टाळल्याने काय अडेल, हे मी सांगू शकतो. घरात कुणाला होईल का, या प्रश्नाचे उत्तर मात्र आधीच देऊन टाकतो, कारण तुमची झोप बहुधा त्याच प्रश्नाने उडवली असेल. पेम्फिगस आणि त्याच्या जातीचे फोडांचे आजार संसर्गाने पसरत नाहीत. स्पर्शाने नाही, एका ताटात जेवल्याने नाही, फोडातले पाणी अंगाला लागल्यानेही नाही. त्या पाण्यात जंतू नसतातच. नंतर जखम चिघळली तर गोष्ट वेगळी. आईला हा आजार असला म्हणून तो मुलीला होतो, असेही नाही. काही जनुकीय रचनांच्या माणसांत त्याचा कल थोडा अधिक दिसतो एवढेच खरे आहे, आणि त्या रचना असलेल्या बहुसंख्य माणसांना तो जन्मभर होत नाही. मुलीच्या लग्नाच्या बोलणीत हा विषय आणण्याचे काहीही कारण नाही.

आता त्या पहिल्या अहवालाकडे येऊ. ‘त्यात काही निघाले नाही’ असे तुम्ही लिहिले आहे. मी तो अहवाल जरा वेगळ्या रीतीने वाचतो. दंतवैद्यांपुढे प्रश्न होता तो कर्करोगाचा, आणि आपल्याकडे तंबाखू-मिश्रीचे प्रमाण पाहता तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्यांनी तो विचारला हे उत्तम केले. त्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले. मात्र तुमच्या आजाराचा प्रश्न त्या तुकड्याला कुणी विचारलाच नव्हता, आणि विचारला असता तरी त्याला बहुधा उत्तर देता आले नसते. कारण असे की, व्रणाच्या मध्यातून तुकडा घेतला की त्यात वरचे अस्तर नसतेच. ते आधीच गळून गेलेले असते. पेम्फिगसमध्ये बिघाड होतो तो नेमका या अस्तराच्या पेशींमध्ये. घर पडून गेल्यावर उरलेल्या मोकळ्या जागेकडे पाहून भिंत कुठून फुटली हे सांगायला लावावे, तसे ते झाले असते. मग पॅथॉलॉजिस्ट प्रामाणिकपणे लिहितो की सूज आहे, व्रण आहे, विशेष काही दिसत नाही. ‘अविशिष्ट’ हा शब्द त्या तुकड्यापुरता आहे. तो आजाराविषयी काही सांगत नाही.

येथे बिघाड म्हणजे काय तेही सांगितले पाहिजे, कारण ते कळल्यावर दोन तुकडे का हवेत याचा उलगडा आपोआप होतो. त्वचेचा सर्वांत वरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा, पेशींच्या अनेक रांगांनी बनलेला असतो. या पेशी एकमेकींना ज्या प्रथिनांनी धरून ठेवतात त्यांतली दोन आपल्या कामाची आहेत: डेस्मोग्लीन १ आणि डेस्मोग्लीन ३. पेम्फिगसमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती याच प्रथिनांना परके समजून त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करते. पेशींची एकमेकींवरची पकड सुटते, मध्ये पाणी साठते आणि फोड येतो. तोंडाच्या अस्तराची भिस्त मुख्यतः डेस्मोग्लीन ३ वर असते. त्वचेला दोन्हींचा आधार असतो. त्यामुळे अँटिबॉडी फक्त ३ विरुद्ध असतील तोवर आजार तोंडातच घुटमळतो, आणि १ विरुद्धही तयार होऊ लागल्या की तो पाठीवर, डोक्यात, छातीवर उतरतो. आधी काही महिने तोंड आणि नंतर पाठ, हा तुमचा क्रम पेम्फिगस वल्गारिस या प्रकारात वारंवार दिसतो. तुमच्या डॉक्टरांनी हा क्रम ऐकूनच शंका घेतली असावी. सात महिने ‘तोंड आले आहे’ असे म्हणत राहिलेले रुग्ण मी इतके पाहिले आहेत की तुमची कहाणी मला मुळीच अपवादात्मक वाटली नाही. तोंडात फोड आला तरी तो चावताना, बोलताना तासाभरात फुटतो. डॉक्टरांना दिसते ती फक्त जखम, आणि जखमेवरून ‘फोडांचा आजार’ हे सहसा कुणाला सुचत नाही.

पण फोड म्हणजे पेम्फिगसच, असेही नाही. याच कुळात दुसरा मोठा आजार आहे बुलस पेम्फिगॉइड. त्यात पेशी एकमेकींपासून सुटत नाहीत. संपूर्ण बाह्यत्वचाच खालच्या थरापासून उचलली जाते, कारण अँटिबॉडी दोन थरांना जोडणाऱ्या प्रथिनांवर हल्ला करतात. फोडाचे छत जाड असल्याने तो टणक, ताणलेला राहतो आणि लवकर फुटत नाही, तर पेम्फिगसचा फोड पातळ आणि लिबलिबीत असतो. १९५३ पर्यंत वैद्यकशास्त्र या दोघांना एकाच नावाखाली धरत होते. त्या वर्षी वॉल्टर लिव्हर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली फोड कोणत्या पातळीवर पडतो ते पाहून दोघांना वेगळे केले. पुढे १९६४ मध्ये अर्न्स्ट ब्यूटनर आणि रॉबर्ट जॉर्डन यांनी पेम्फिगसच्या रुग्णांच्या रक्तात त्वचेविरुद्धच्या अँटिबॉडी असतात हे दाखवले, आणि आज तुम्हाला सुचवलेल्या तपासण्यांचा पाया तेथे घातला गेला. एकूण या आजारांचे निदान म्हणजे दोन प्रश्नांची उत्तरे शोधणे असते: त्वचा कोणत्या पातळीवर सुटली, आणि ती कुणी सोडवली? पहिल्याचे उत्तर एका तुकड्यातून मिळते आणि दुसऱ्याचे दुसऱ्या तुकड्यातून. एकाच तुकड्याला दोन्ही प्रश्न विचारता येत नाहीत, यामागे एक साधी, जवळजवळ स्वयंपाकघरातली अडचण आहे.

पहिला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये जातो. तो शक्यतो कालपरवा उठलेल्या लहान फोडाचा असावा; लहान फोड अख्खा मिळाला तर उत्तम, नाहीतर त्याची कड, म्हणजे थोडा फोड आणि थोडी शेजारची चांगली त्वचा. फॉर्मॅलिनने ऊतक घट्ट होते, त्याच्या पातळ चकत्या करता येतात, त्या रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात. पेम्फिगस वल्गारिसमध्ये सर्वांत खालच्या रांगेतल्या पेशी जमिनीला चिकटून उभ्या राहतात आणि त्यांच्या वरच्या पेशी सुट्या होऊन तरंगतात. त्या उभ्या पेशींना पाठ्यपुस्तके थडग्यांची रांग म्हणतात. तीन-चार दिवसांच्या जुन्या फोडात मात्र त्वचा तळाकडून पुन्हा भरू लागलेली असते आणि पातळीच चुकीची दिसू शकते. म्हणून ‘हा मोठा आहे, यातून घ्या’ असे आपण होऊन सुचवू नका. ताजा, बारीक फोड दाखवा.

दुसरा तुकडा फोडाचा नसतोच. तो फोडाच्या शेजारच्या, साधारण एक सेंटिमीटरच्या आतल्या, वरकरणी निरोगी दिसणाऱ्या त्वचेचा घेतात. तुमच्यासारखे अनेक जण येथेच अडखळतात: चांगली कातडी कशाला कापायची? ती अशासाठी की अँटिबॉडी फोड येण्याआधीच तेथे जाऊन बसलेल्या असतात, आणि फोड आलेल्या जागी सूज त्यांचा मागमूस पुसून टाकते. या तुकड्यावर डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्स ही तपासणी होते. अँटिबॉडीला चिकटणारा चमकता रंग वापरून विशिष्ट प्रकाशात पाहिले की पेम्फिगसमध्ये प्रत्येक पेशीच्या कडेने हिरवी चमक दिसते आणि सगळे मिळून मासेमारीच्या जाळ्यासारखे दिसते. पेम्फिगॉइडमध्ये दोन थरांच्या सीमेवर एक सलग रेष उमटते. आणि डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस या गव्हाशी निगडित खाजऱ्या आजारात सीमेलगत बारीक ठिपके दिसतात. फॉर्मॅलिन या अँटिबॉडींना निकामी करते. म्हणून हा तुकडा मिशेलच्या द्रावणात, आणि प्रयोगशाळा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी गाठता येणार असेल तर साध्या सलाइनमध्ये पाठवतात. मिशेलच्या द्रावणात तो बर्फाविना काही दिवस टिकतो, आणि तालुक्याच्या गावांसाठी ही मोठीच सोय आहे.

ताई, हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, या तपासणीचा खेळखंडोबा झालेला मी पाहिला आहे, आणि तो बहुतेक वेळा सूक्ष्मदर्शकाखाली होत नाही. तो बाटली भरताना होतो. घाईच्या दिवशी दोन्ही तुकडे एकाच फॉर्मॅलिनच्या बाटलीत पडतात, आठवड्याने ‘इम्युनोफ्लुरोसन्स निगेटिव्ह’ असा कागद येतो, आणि रुग्णाला तो आजार नाही असे समजले जाते. तेव्हा बायॉप्सीच्या दिवशी संकोच न करता विचारा की कोणता तुकडा कोणत्या बाटलीत जाणार आहे आणि बाटल्यांवर तशी नोंद झाली आहे का. शाळेत शिकवणाऱ्या बाईंना प्रश्न विचारण्याची भीड वाटू नये! चांगल्या डॉक्टरांना असा प्रश्न आवडतो.

त्रासाविषयी म्हणाल तर, बधिर करण्याचे इंजेक्शन टोचते ते दुखते, पुढचे सहसा दुखत नाही. पेन्सिलीच्या टोकाएवढ्या गोल पात्याने चार-एक मिलिमीटरचा तुकडा काढतात, एखाददुसरा टाका घालतात, आणि पाठीवरचा टाका दहा-बारा दिवसांत काढतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, भूल देण्याच्या औषधाची पूर्वी ॲलर्जी आली असेल, तर आधी सांगा.

रक्ताच्या तपासणीत, म्हणजे एलायझात, डेस्मोग्लीन १ आणि ३ विरुद्धच्या अँटिबॉडी मोजतात. ‘मग रक्तावरूनच सांगा, कापायला नको’ असे कुणी म्हणेल, आणि काही ठिकाणी, विशेषतः लक्षणे ठळक असतील तेव्हा, डॉक्टर रक्तावर बरीच भिस्त ठेवतातही. तरीही मी स्वतः तुकड्याचा आग्रह धरतो. सुरुवातीच्या किंवा सौम्य आजारात रक्तातले प्रमाण कमी असू शकते, आणि पुढे वर्षभर ज्या औषधांचा भार वाहायचा, ती सुरू करण्यापूर्वी दोन स्वतंत्र साक्षी जुळलेल्या बऱ्या. रक्ताचा खरा उपयोग नंतरही होतो: उपचार चालू असताना आकडे उतरत आहेत की पुन्हा चढत आहेत, हे त्यावरून कळते.

टझँक स्मिअर नावाची आणखी एक जुनी, स्वस्त तपासणी आहे. त्यात फोडाचा तळ हलकेच खरवडून काचपट्टीवर पसरतात आणि सुट्या झालेल्या गोल पेशी पाहतात. ती दहा-पंधरा मिनिटांत होते, नागिणीसारखा विषाणूचा फोड आणि पेम्फिगस यांतला फरक दाखवते, पण अंतिम निर्णय देत नाही. डॉक्टरांनी फोडाशेजारची त्वचा अंगठ्याने हलके दाबून सरकवून पाहिली असेल, तर तीही एक परीक्षा आहे; तिला निकोल्स्कीचे चिन्ह म्हणतात. घरी करून पाहू नका. विनाकारण एक जखम वाढेल.

गोळीने बरे वाटते, या तुमच्या दुसऱ्या मुद्द्यावर मला थोडे कठोर व्हावे लागेल. स्टेरॉइडने बरे वाटले यावरून आजाराचे नाव कळत नाही. इसब असो, ॲलर्जी असो, लायकेन प्लॅनस असो, पेम्फिगस किंवा पेम्फिगॉइड असो, स्टेरॉइड या सगळ्यांना काही काळ दबवते. पाच दिवसांच्या गोळ्यांनी अँटिबॉडी तयार करणाऱ्या पेशींना फारसा धक्का लागत नाही. वरची आग विझते आणि निखारे तसेच राहतात. शिवाय अशा अधूनमधूनच्या उपचाराने चित्र धूसर होते. तपासायला जाल त्या दिवशी ताजा फोड नसतो, रक्तातली साखर आणि रक्तदाब वाढलेला असतो, आणि एकूण गोळ्या किती पोटात गेल्या याचा हिशेब कुणाकडेच नसतो. पेम्फिगसला स्टेरॉइड लागतेच, याबद्दल दुमत नाही. १९५० च्या दशकात ही औषधे येण्यापूर्वी पेम्फिगस वल्गारिस बहुतेक रुग्णांच्या बाबतीत जीवघेणा ठरत असे. पण ते वजनानुसार ठरवलेल्या मात्रेत, ठरावीक गतीने कमी करत, आणि सोबत दुसरे औषध देऊन दिले जाते, म्हणजे स्टेरॉइड लवकर उतरवता येते. आपल्या देशाने यात स्वतःची भरही घातली आहे. १९८० च्या दशकात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. जे. एस. पसरिचा यांनी महिन्यातून तीन दिवस शिरेतून औषध देण्याची ‘पल्स’ पद्धत रुळवली, आणि भारतातल्या त्वचारोग विभागांनी तिच्यावर वर्षानुवर्षे रुग्ण सांभाळले. अलीकडे रिटुक्सिमॅब हे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या पूर्वज पेशी कमी करणारे औषध पुढे आले आहे; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये त्याला पेम्फिगस वल्गारिससाठी मान्यता दिली. ते देण्यापूर्वी क्षयरोग आणि हिपॅटायटिस बी तपासावे लागतात. एवढ्या ताकदीचे औषध ‘असावा’ या शब्दावर सुरू करावे, असे तुम्हाला तरी वाटते का?

एक सावधगिरी येथेच सांगतो. आत्ता स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर बायॉप्सीसाठी ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. अनेक दिवस घेतलेली गोळी अचानक थांबवणे धोक्याचे असते, आणि इम्युनोफ्लुरोसन्स बऱ्याचदा औषध चालू असतानाही उत्तर देते. डॉक्टरांना फक्त खरे सांगा: कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, कोणत्या तारखेपासून. पाकिटे फेकली असतील तर औषधविक्रेत्याकडची बिले मिळतात का पाहा. कुणी नावे नसलेल्या पुड्या दिल्या असतील तर त्याही घेऊन जा. तसल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे आहेत.

सासूबाईंच्या ‘उष्णते’ची मी थट्टा करणार नाही. तोंड येण्याचे बहुतेक प्रसंग खरोखरच किरकोळ असतात आणि दहा-पंधरा दिवसांत ताक, मऊ भात आणि थोडा वेळ यांनीच जातात. त्यांचा अनुभव त्या प्रसंगांचा आहे. तो येथे लागू पडत नाही, कारण सात महिने न भरणारी जखम त्या जातीची नाही. मिस्टरांच्या दुसऱ्या मताच्या सूचनेलाही माझा विरोध नाही. फक्त क्रम बदला: आधी तुकडे आणि रक्त, मग ते अहवाल हातात घेऊन दुसरे मत. अहवालाविना घेतलेले दुसरे मत हा दुसरा अंदाज असतो, आणि त्या अंदाजांमध्ये आणखी दोन महिने जातात. तुमच्या शहरातल्या प्रयोगशाळेत इम्युनोफ्लुरोसन्स होत नसेल तर तुकडा मोठ्या शहरात पाठवता येतो. खर्च हा अडथळा असेल, आणि पत्रात तुम्ही तो विषय टाळला आहे असे मला जाणवले, तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा त्वचारोग विभाग गाठा आणि तेथील समाजसेवा अधीक्षकांना भेटून कोणत्या योजनेत काय बसते ते विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी एक माझीच चूक सांगतो, कारण तिच्यातून घेण्यासारखे आहे. उमेदवारीच्या काळात माझ्याकडे सत्तरी ओलांडलेले एक आजोबा आले होते. अंगभर खाज, कुठे कुठे लालसर चट्टे, फोड एकही नाही. मी खरूज समजून त्यांच्यासह साऱ्या घराला मलम लावायला लावले, दोनदा. नंतर कोरडी त्वचा म्हणून तेल लावायला सांगितले. अडीच महिन्यांनी ते मांड्यांवर टपोरे फोड घेऊन परत आले तेव्हा मला बुलस पेम्फिगॉइड आठवला. हा आजार मुख्यतः वृद्धांत होतो, आणि फोडांच्या आधी काही आठवडे किंवा महिने नुसती खाज असू शकते. आजही वृद्धांची न थांबणारी खाज दिसली की शेजारच्या त्वचेचा एक तुकडा इम्युनोफ्लुरोसन्ससाठी पाठवावा असे मला वाटते. तो शक्यतो पायाच्या खालच्या भागातून घेऊ नये, कारण तेथे खोटे निगेटिव्ह येण्याची शक्यता अधिक असते. घरातल्या वृद्धांना मधुमेहासाठी विल्डाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन अशा ‘ग्लिप्टिन’ गटातली गोळी चालू असेल आणि अशी खाज किंवा फोड आले, तर ती गोळी डॉक्टरांच्या नजरेस आणून द्या. या गटाचा आणि पेम्फिगॉइडचा संबंध अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसला आहे. गोळी आपण होऊन बंद करू नये, पण ती बदलण्याचा विचार डॉक्टर करू शकतात. आजाराचे नेमके नाव कळण्याचा फायदा येथे अगदी उघड दिसतो: अनेक पेम्फिगॉइड रुग्णांत तीव्र स्टेरॉइडचे मलम अंगाला लावूनच आजार आटोक्यात येतो, पोटातल्या गोळ्यांचा मारा टळतो. डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिसमध्ये तर गहू वर्ज्य करणे हाच मुख्य उपचार, आणि जोडीला डॅप्सोन. डॅप्सोन कुष्ठरोगावरही वापरतात, त्यामुळे चिठ्ठी पाहून कुणी भलताच अर्थ काढला तर घाबरू नका.

काही परिस्थितींत मात्र बायॉप्सीच्या तारखेची वाट पाहायची नसते. ताप, डोळे लाल होऊन चिकटणे, पाणीही गिळता न येणे, त्वचा मोठ्या पट्ट्यांनी सोलून निघणे, किंवा नवीन औषध सुरू केल्यावर दिवसांतच अंगभर फोड, यांतले काहीही झाले तर थेट मोठ्या रुग्णालयात जा.

तुमच्याकडे बायॉप्सीपर्यंत आठवडाभर आहे, तेव्हा तयारी करा. ताज्या फोडांचे मोबाइलवर उजेडात फोटो काढा, तारखेसह. फोड त्या दिवशी नसेल तर फोटोच साक्ष देईल. तोंडातल्या पहिल्या बायॉप्सीचा अहवाल घ्याच, पण त्या प्रयोगशाळेत मेणात बसवलेला तुकड्याचा ठोकळा जपून ठेवलेला असतो, तो ‘ब्लॉक’ आणि काचपट्ट्याही मागून घ्या. त्याच्या एखाद्या कडेला अस्तराचा अंश राहिला असेल, तर नव्या शंकेच्या नजरेने पाहिल्यावर कदाचित काही दिसेल. तोंडासाठी मऊ ब्रश वापरा, तिखट-खारट आणि कुरकुरीत पदार्थ थांबवा, गरम चहा कोमट करून घ्या. फोड सुईने फोडू नका. फार मोठा आणि दुखरा असेल तर डॉक्टर निर्जंतुक सुईने पाणी काढून वरची साल तशीच ठेवतात, ती नैसर्गिक पट्टीचे काम करते. उघड्या जखमेवर हळद, कोरफड, कडुलिंबाचा लेप लावू नका आणि चिकटपट्टी तर मुळीच नको. ती निघताना सोबत चांगली त्वचाही घेऊन निघते.

उष्णतेचे औषध देऊ न शकलेल्या सासूबाईंना मात्र एक काम आहे, आणि ते त्यांच्याइतके चांगले कुणाला जमणार नाही. पाठीच्या जखमा चादरीला चिकटतात असे तुम्ही लिहिले आहे. घरात धुऊन धुऊन मऊ झालेले सुती जुनेर असेलच; ते उकळत्या पाण्यातून काढून, उन्हात वाळवून, इस्त्री करून रोज अंथरायला सांगा. आणि परसात केळ असेल तर डॉक्टरांना विचारून, स्वच्छ धुतलेले कोवळे पान जखमेखाली घेऊन पाहा. भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर मुंबईच्या डॉक्टरांनी केळीच्या पानाचे ड्रेसिंग वापरले आहे, ते अशासाठी की गुळगुळीत, मेणचट पान ओल्या जखमेला चिकटत नाही आणि काढताना दुखत नाही.

आपला,
सदरलेखक